होम स्टडीत आम्हाला काय काय विचारलं गेलं

आपण राहतो अमेरिकेत आणि मूल दत्तक घ्यायचंय भारतातून, असं असेल तर सगळ्यात आधी जे पार करावं लागतं ते म्हणजे होम स्टडी, म्हणजे सोशल वर्कर तुमच्या घराची आणि घरातल्या माणसांची चौकशी करून रिपोर्ट लिहितात ती, आणि ह्याबद्दल मराठीत कोणी सविस्तर सांगितलेलं मला तरी मिळालं नव्हतं. कानावर यायचं ते दोन टोकाचं. एक म्हणजे "अगं घर बघून जातात, आवरून ठेवायचं, बस झालं" आणि दुसरं म्हणजे "फार खाजगी विचारतात गं, कशाला त्या फंदात पडता". आवरलेलं घर हा त्यातला अगदी छोटा भाग निघाला आणि खाजगी विचारतात हे शंभर टक्के खरं निघालं, पण का विचारतात ते कळल्यावर मला तरी त्याचा राग आला नाही. नवरा अमेरिकन नागरिक आहे, माझं ग्रीन कार्ड, आणि सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणते, त्याही कायमच्या आमच्याकडेच राहतात. राज्य बदललं, एजन्सी बदलली की बारीकसारीक गोष्टी बदलतात हे धरून वाचा.

आधी हे समजून घ्या की हा रिपोर्ट म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी नाहीये. भारतात दत्तकाचं सगळं काम कारा बघते, म्हणजे सेंट्रल ॲडॉप्शन रिसोर्स ॲथॉरिटी, आणि त्यांच्या कॅरिंग्ज पोर्टलवर सगळ्यांची रांग असते. परदेशात राहणाऱ्यांचा त्या रांगेतला नंबर कागदपत्रं आणि होम स्टडी रिपोर्ट अपलोड झाल्याच्या तारखेपासून धरतात, नुसतं नाव नोंदवलं त्या दिवसापासून नाही. म्हणजे होम स्टडी लांबली तेवढे तुम्ही रांगेत मागे. आणि आपण स्वतः पोर्टलवर जाऊन परस्पर काही करू शकत नाही, इथल्या मान्यताप्राप्त एजन्सीमार्फतच जावं लागतं. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला कोणीतरी सांगितलं होतं की भारतात जाऊन थेट संस्थेतूनच मूल बघा, सोपं पडतं, तसलं काही अजिबात करू नका, ते बेकायदा आहे आणि पुढे मुलाचा व्हिसा अडकतो तो वेगळाच.

आता गंमत अशी की रिपोर्ट एकच पण तो वाचणारे दोन देश. भारताला बघायचं असतं की आपलं मूल कोणाच्या घरी जातंय, आणि अमेरिकेला बघायचं असतं की ह्या घरात मूल आणायला परवानगी द्यावी का. दोन्ही देश हेग कराराखाली येतात, एका देशातलं मूल दुसऱ्या देशात दत्तक देण्याबद्दलचा १९९३ चा तो करार, भारतात २००३ पासून लागू आणि अमेरिकेत २००८ पासून. त्यात साफ म्हटलंय की ज्या देशात मूल जाणार त्या देशाने आधी ठरवायचं की हे आईबाप पात्र आणि योग्य आहेत का, आणि तसा रिपोर्ट मुलाच्या देशाला पाठवायचा. त्या रिपोर्टात काय हवं तेही करारातच आहे, तुमची ओळख, घरची पार्श्वभूमी, तब्येतीचा इतिहास, आजूबाजूची माणसं, दत्तक का घ्यायचंय, आणि कसल्या मुलाची काळजी तुम्ही घेऊ शकाल.

इथे इमिग्रेशनला जो अर्ज करायचा तो आय-८००ए, त्याला होम स्टडी जोडावी लागते आणि ती पाठवताना सहा महिन्यांपेक्षा जुनी चालत नाही. मंजुरी मिळाली की ती पंधरा महिने टिकते. कारासाठी मात्र तोच रिपोर्ट तीन वर्षं चालतो. हे आकडे सुरुवातीलाच डोक्यात ठेवलेले बरे, कारण एकीकडे तुम्ही रांगेत शांत बसलेले असता आणि दुसरीकडे मंजुरीची मुदत संपत आलेली असते, मग ती वाढवून घ्यायला होम स्टडीचं अपडेट लागतं आणि त्याची फी परत वेगळी.

कागदपत्रांचं फार लांबण लावत नाही कारण यादी एजन्सी देतेच. पण आपल्या लोकांना हमखास नडणारी गोष्ट सांगते, नाव. माझं मॅरेज सर्टिफिकेट महाराष्ट्रातलं, त्यावर माहेरचं नाव, मधलं नाव वडिलांचं. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मधलं नाव नवऱ्याचं. डिग्रीवर परत माहेरचं. आपल्याला ह्यात काहीच वावगं वाटत नाही, पिढ्यानपिढ्या असंच चालत आलंय, पण इथल्या माणसाला ह्या तीन वेगळ्या बायका दिसतात. सोशल वर्करने आधीच हेरलं आणि मी पूर्वी वापरलेली सगळी नावं रिपोर्टच्या पहिल्याच पानावर लिहून टाकली, शिवाय त्याचं एक ॲफिडेव्हिट नोटरी करून अपॉस्टिलही, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, करून घेतलं. तुमचंही असं असेल तर पहिल्याच भेटीत सांगून टाका.

दुसरं म्हणजे जुने पत्ते. अठरा वर्षं पूर्ण झाल्यापासून तुम्ही ज्या ज्या राज्यात आणि ज्या ज्या देशात राहिलात तिथे मुलांच्या छळाच्या किंवा हेळसांडीच्या नोंदीत तुमचं नाव आहे का ते तपासतात. अमेरिकेतल्या राज्यांकडे अशी रजिस्ट्री असते, फॉर्म भरून पाठवायचा, उत्तर येतं. जिथून अशी माहिती मिळतच नाही तिथे तसं रिपोर्टात नमूद करतात आणि मग पोलिस क्लिअरन्सवर भिस्त. नवरा कॉलेजनंतर नोकरीसाठी काही काळ तिसऱ्याच एका देशात होता, तिथली रूम शेअर केलेली जागा, पत्ता धड आठवेना, जुन्या ईमेलमधून घरमालकाची पावती शोधून काढली तेव्हा कुठे तो रकाना भरला. आमच्या सगळ्या प्रक्रियेत सर्वात जास्त वेळ ह्याच कागदाने खाल्ला. म्हणून दत्तकाचा विचार नुसता मनात घोळत असेल तरी आजच बसून दोघांनी आपापल्या पत्त्यांची यादी करा, महिना-वर्षासकट.

आणि घरात राहणारं प्रत्येक सज्ञान माणूस ह्यात येतं हे लक्षात ठेवा. आईंचे पण बोटांचे ठसे, आईंची पण मेडिकल, आईंची पण भारतातली पोलिस क्लिअरन्स. ठसे द्यायला गेलो तर आईंच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या, मशीन घेईना. आयुष्यभर भांडी घासून, पीठ मळून झिजलेली ती बोटं तो मुलगा एकेक करून ओल्या टिश्यूने पुसून परत परत ठेवत होता आणि आई त्यालाच म्हणत होत्या, "राहू दे बाळा, दमलास". शेवटी घेतले गेले. वयस्कर माणसांचं असं होतं, नाहीच आले तर पर्यायी व्यवस्था असते, घाबरून जाऊ नका.

घर बघायचा भाग. आमचं घर तेव्हा भाड्याचं होतं, दोन बेडरूमचं अपार्टमेंट, आणि मला उगाच वाटत होतं की स्वतःचं घर नाही म्हणून मार्क कमी पडतील. असा काही नियम नाहीये. मुलाला झोपायला नीट जागा हवी, घर सुरक्षित हवं, आणि मिळकतीत एक माणूस वाढलं तर भागायला हवं, एवढंच बघतात. पगाराच्या स्लिपा, टॅक्स रिटर्न्स, बँकेची स्टेटमेंट्स, कर्ज किती, विमा आहे का, हे सगळं बघतात पण त्यात श्रीमंती मोजत नाहीत.

सोशल वर्कर बाई आल्या, पन्नाशीच्या पुढच्या, चपला दाराशी न सांगता काढल्या, आणि मग त्यांनी घरभर फिरताना सरळ मुलाच्या उंचीवरून बघायला सुरुवात केली, म्हणजे अक्षरशः गुडघ्यावर बसून. स्मोक अलार्म वाजवून बघितला, फायर एक्स्टिंग्विशर कुठे ते विचारलं, नळाचं गरम पाणी थर्मामीटरने मोजलं, ते १२० फॅरनहाइटच्या वर नको म्हणाल्या. औषधांचं कपाट, खिडक्यांच्या पडद्यांच्या दोऱ्या, बाल्कनीच्या कठड्याच्या गजांमधलं अंतर. घरात बंदूक आहे का हेही विचारलं, इथे तो रोजचाच प्रश्न आहे. मग देवघरापाशी थांबल्या. आमचं देवघर खाली, पाटावर, कारण आईंना मांडी घालून पूजा करायची असते, आणि समई निरांजन दोन्ही तिथेच. त्यांनी विचारलं हे रोज लावता का, किती वेळ, लावल्यावर इथे कोण असतं. टीका म्हणून नाही, खरंच समजून घ्यायला. आई म्हणाल्या पूजा होईपर्यंत मी इथंच असते. त्यावर बाई म्हणाल्या की देवघर हलवायची काही गरज नाही, पण धावणारं मूल येणार आहे तर ज्योत त्याच्या हाताला लागणार नाही एवढं बघा. नवऱ्याने भिंतीवर उंच फळी मारून समई वर नेली, आणि आईंसाठी तिथे खुर्ची ठेवली. पुढच्या भेटीत त्यांनी ती फळी आठवणीने बघितली आणि रिपोर्टात त्यावर एक वाक्य सुद्धा आलं. पूर्ण घर बघायला लागला तो वेळ मुलाखतींच्या मानाने काहीच नव्हता.

मुलाखती आधी दोघांच्या एकत्र आणि मग प्रत्येकाची एकट्याची. माझं बालपण कसं गेलं, आईवडिलांचं पटायचं का, रागावले की काय करायचे, लग्न कसं ठरलं, भांडण कशावरून होतं आणि मिटवतं कोण. मूल का हवं आणि दत्तकच का. ह्या प्रश्नाशी मी सगळ्यात जास्त अडखळेन असं वाटलं होतं. माझे गर्भपात झालेले आहेत, एकाहून जास्त, आणि शेवटच्या वेळेनंतर मी बराच काळ डिप्रेशनच्या गोळ्या घेत होते, काउन्सेलिंग चालू होतं. आमच्या जवळच्या दोन-तीन माणसांनी अगदी प्रेमाने आणि काळजीने सांगितलं होतं की हे बोलू नकोस, गोळ्यांचं तर मुळीच नको, कागदावर आलं की नाकारतील. नवऱ्याचं आणि माझं मात्र आधीपासून ठरलं होतं की जे आहे ते सगळं सांगायचं.

मी सांगितलं. बाई लिहायच्या थांबल्या, थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत, आणि मग विचारलं, तेव्हा तुझ्यासोबत कोण होतं? मी म्हटलं नवरा, आई, आणि एक मैत्रीण जी रोज संध्याकाळी फोन करायची, मी उचलला नाही तरी करायची. मग विचारलं, त्या बाळांचं दुःख आता कुठवर आलंय, येणारं मूल त्यांची जागा भरायला येतंय का? हा प्रश्न मला इतका योग्य वाटला. मी म्हटलं, नाही, त्यांची जागा त्यांचीच आहे. त्यांनी माझ्या काउन्सेलरचं आणि डॉक्टरचं पत्र मागितलं, की उपचार पूर्ण झालेत, आता तब्येत स्थिर आहे, मूल सांभाळायला काही अडचण नाही. पत्रं मिळाली, जोडली, विषय संपला. उलट रिपोर्टात लिहिलं की मदत कधी मागायची हे ह्यांना कळतं.

आणि नियम म्हणून बघितलं तरी लपवणंच घातक आहे. इमिग्रेशनच्या नियमात तुमच्यावर सरळ जबाबदारी टाकलीय की अटक, गुन्हा, व्यसन, घरातला हिंसाचार, पूर्वी कुठे होम स्टडी विरोधात गेली असेल तर ती, हे सगळं स्वतःहून सांगायचं, कोर्टाने रेकॉर्ड पुसून टाकलेलं असलं तरी सांगायचं. शारीरिक, मानसिक आणि भावनिक तब्येत तपासणं हे तर त्यांचं कामच आहे. जुनी गोष्ट सांगितल्याने सहसा एखादा जास्तीचा कागद लागतो, लपवलेली सापडली तर अर्जच नाकारला जाऊ शकतो.

नवऱ्याच्या मुलाखतीत वडिलांचा विषय निघाला. सासरे कडक होते, हात उचलायचे, आपल्याकडच्या त्या पिढीत घरोघरी होतं तसंच. नवऱ्याला विचारलं गेलं की तुला मार बसायचा तेव्हा तू काय करायचास. तो मला नंतर म्हणाला की आजवर हे कोणी विचारलंच नव्हतं. त्याने सांगितलं, गच्चीवर जाऊन बसायचो आणि आई जेवायला हाक मारेपर्यंत खाली यायचो नाही. मग पुढचा प्रश्न, तुझं मूल ऐकत नसेल आणि तू दिवसभर दमून आलेला असशील, तर तू काय करशील? गुळगुळीत उत्तर त्या घेत नव्हत्या. "प्रेमाने समजावीन" म्हटलं की "समजावून ऐकलं नाही तर?" असं आणखी खाली नेत होत्या. एजन्सीचं एक पत्रक असतं, मुलावर हात उगारणार नाही, उपाशी ठेवणार नाही, कोंडून ठेवणार नाही, त्यावर दोघांनी आणि आईंनीही सही केली. जे मूल आधीच कोणाच्या तरी हातून सुटून, संस्थेत राहून आलंय त्याच्यावर हात उगारला तर त्याला काय वाटेल ह्यावर त्या जे बोलल्या ते ऐकून आम्ही दोघं घरी कितीतरी वेळ बोलत होतो.

आईंची मुलाखत मराठीत व्हायला हवी होती. नवरा म्हणाला मी सांगतो इंग्रजीत, तर बाईंनी नम्रपणे नको म्हटलं, घरच्याच माणसाने दुभाषा व्हायचं नाही, समोरचा मोकळा बोलत नाही. मग फोनवर एक मराठी दुभाषी बाई मिळाली. मी बाजूच्या खोलीत होते, भिंती पातळ, आवाज सगळा ऐकू येत होता. आईंना विचारलं, हे मूल तुमच्या रक्ताचं नाही, तुमच्या मनात काही येतं का? आई म्हणाल्या, "येतं ना. आधी यायचं जास्त. गावाकडची माणसं काय म्हणतील, कुठल्या घरचं असेल, असं. मग सुनेला दवाखान्यातून रिकाम्या हाताने येताना बघितलं आणि ते सगळं गेलं. आता एवढंच वाटतं की मला सांभाळायचं बळ राहू दे." मग विचारलं की ते मूल तुमच्या जवळच आलं नाही, उचललं की रडलं, महिनोन् महिने, तर? आईंनी जरा वेळ घेतला. "मी उचलणारच नाही मग. मी आपली बसेन तिथं भाजी निवडत. आलं तर आलं." दुभाषी बाईने हे सांगितलं तेव्हा पलीकडून सोशल वर्करचा आवाज आला की आमच्या ट्रेनिंगमध्ये आम्ही लोकांना जे शिकवायचा प्रयत्न करतो ते हेच.

ट्रेनिंगबद्दल पण सांगते. हेग कराराच्या देशातून दत्तक घ्यायचं तर अमेरिकेच्या नियमाप्रमाणे किमान दहा तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे, आमचं बरंचसं ऑनलाइन होतं. संस्थेत वाढलेल्या मुलांच्या वाढीवर काय परिणाम होतो, जवळीक कशी तयार होते किंवा होत नाही, खाणं लपवून ठेवणं, अनोळखी माणसाकडे पण पटकन जाणं आणि ते का काळजीचं असू शकतं. एक भाग वेगळ्या वंशाचं, वेगळ्या संस्कृतीचं मूल वाढवण्यावर होता, आणि आम्हाला वाटलं हे आम्हाला कुठे लागू होतंय, आम्ही भारतीय आणि मूलही भारतीय. बाईंनी शांतपणे विचारलं, घरात कुठली भाषा बोलाल? मराठी, आम्ही एका सुरात. आणि मूल ओडिशातून आलं तर? किंवा तमिळनाडूतून? तीन वर्षांचं मूल, त्याची अख्खी दुनिया ओडियात, आणि इथे एकीकडे मराठी आणि बाहेर सगळी इंग्रजी, त्याला तहान लागलीय हे ते कोणाला सांगेल? ह्या प्रश्नाची तयारी हवीच. आम्ही मग ओळखीपाळखीतून तमिळ, बंगाली, ओडिया, तेलुगू घरं शोधून ठेवली, ज्यांना गरज पडली तर रात्री अपरात्री फोन करता येईल. बाईंनी त्यांची नोंद "आधार देणारी माणसं" ह्या भागात घेतली.

वयाचा गट कसा ठरतो तर काराच्या नियमात नवराबायकोच्या वयाची बेरीज करतात. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ती ८५ च्या आत हवी, दोन ते चार वर्षांसाठी ९०, चार ते आठसाठी १००, त्यापुढे ११०. शिवाय मूल आणि आईबाप ह्यांच्यात किमान २५ वर्षांचं अंतर, आणि लग्नाला किमान दोन वर्षं झालेली. आमची बेरीज पहिल्या गटाच्या पुढे गेलेली, त्यामुळे दोन ते चार.

सगळ्यात अवघड होती ती आजारांची यादी, आणि ह्याबद्दल कोणीच आधी सांगत नाही. एक लांबलचक चेकलिस्ट देतात. फाटलेला ओठ किंवा टाळू, वाकडं पाऊल, हृदयाला छिद्र, ऐकू न येणं, एका डोळ्याने न दिसणं, हेपेटायटिस बी, एचआयव्ही, फिट्स, वजन फार कमी, बोलायला उशीर, आईला मानसिक आजार असल्याची माहिती, आणि असं कितीतरी. प्रत्येकापुढे हो, नाही, विचार करू. दोघांनी वेगवेगळी भरायची आणि मग एकत्र बसायचं. मी त्या रात्री जेवले नाही. प्रत्येक "नाही" म्हणजे कुठेतरी पाळण्यात असलेल्या एका खऱ्या मुलाला आपण नाही म्हणतोय असं वाटत होतं. स्वतःच्या पोटी झालेल्या मुलाला असं काही असतं तर आपण सांभाळलंच असतं ना, मग इथे निवडायचा काय हक्क, हा प्रश्न मी नवऱ्याला विचारला आणि त्याच्याकडेही उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना हेच बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, तुम्ही भिडेपोटी हो लिहिलंत आणि घरी आल्यावर तुम्हाला झेपलं नाही, तर त्या मुलाचं दुसऱ्यांदा घर मोडतं, मी अशी मुलं बघितली आहेत. ज्याला तुम्ही नाही म्हणताय त्याच्यासाठी हो म्हणणारी माणसं शोधणं हे आमचं काम आहे, तुमचं काम खरं लिहिणं. मग आम्ही मुलांच्या डॉक्टरांशी बोललो, एकेका आजाराला उपचार काय, आमच्या विम्यात काय बसतं, आसपास कुठली थेरपी मिळते, आणि त्यानंतर परत यादीला बसलो. काही "नाही" चे "हो" झाले कारण आधी नुसती भीती होती, माहिती नव्हती. काही "नाही" तशीच राहिली. हे रिपोर्टात पक्कं लिहिलं जातं, किती मुलं, कुठलं वय, मुलगा की मुलगी की दोन्ही चालेल, तब्येतीच्या कुठल्या अडचणी, आणि इमिग्रेशनची मंजुरी तेवढ्याचीच असते. त्याबाहेरचं मूल सुचवलं गेलं तर होम स्टडी बदलून परत मंजुरी घ्यावी लागते.

मुलाला कधी सांगणार, हाही प्रश्न आला. आमच्या नात्यातल्या एक मावशी अजून म्हणतात, कशाला सांगायचं, इतकं लहान आणताय, कळणार पण नाही. आमचं उत्तर तयार होतं, पहिल्या दिवसापासून. भारतातल्या नियमांतही मुलाला मोठेपणी आपल्या मुळांचा शोध घ्यायची तरतूद आहे, मग आईबापांनी आधीच सांगून ठेवायला नको का?

एवढी चौकशी का, ह्याचं एक कारण जुनं आहे. १९८२ च्या सुमाराला लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं की परदेशी दत्तकाच्या नावाखाली भारतातल्या मुलांचे हाल होतायत, त्यावर १९८४ मध्ये जो निकाल आला त्यात कोर्टाने घालून दिलं की परदेशातल्या माणसाचा अर्ज तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच यायला हवा आणि त्यासोबत घराचा सविस्तर अहवाल हवाच. हे वाचल्यावर तो गरम पाण्याचा थर्मामीटर पण मला आपला वाटायला लागला. आपलं मूल सात समुद्र पलीकडे पाठवताना कोणीतरी एवढं बघायलाच हवं.

रिपोर्ट तयार झाला की सही व्हायच्या आधी त्याचा मसुदा वाचायला मागा. तारखा, स्पेलिंगं, पगाराचा आकडा, आईंच्या पासपोर्टवरचं नाव, सगळं पासपोर्ट बाजूला ठेवून ताडून बघा, कारण नंतरची दुरुस्ती म्हणजे परत नोटरी, परत अपॉस्टिल.

आमची मुलगी आता घरी आहे. तिच्याबद्दल इथे लिहिणार नाही, ती तिची गोष्ट आहे, तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. ती आल्यावरही दोन वर्षं रिपोर्ट जातात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, फोटोंसकट. त्याच बाई येतात, आणि खरं सांगू का, पहिल्या काही महिन्यांत त्या यायच्या तेव्हा मला केवढा आधार वाटायचा, कारण रात्री झोप का लागत नाही तिला, हे विचारायला हक्काचं माणूस तेच.

एक शेवटची गोष्ट, जे सध्या रांगेत आहेत त्यांच्यासाठी. होम स्टडी झाली म्हणजे विषय बंद असं समजू नका. मधल्या काळात घर बदललं, नोकरी बदलली, घरात कोणी राहायला आलं किंवा कोणी गेलं, आजारपण निघालं, मिळकत घटली, तर अपडेट करावी लागते. आम्ही वाट बघत असतानाच मोठ्या जागेत गेलो, नव्या घराची पाहणी, नवा रिपोर्ट, इमिग्रेशनला परत कळवणं, सगळं आलं, पण बाईंना आधी विचारून महिना निवडला होता म्हणून मुलीची फाईल आली तेव्हा आमचे सगळे कागद चालू होते. तेव्हा लीजवर सही करायच्या आधी सोशल वर्करला फोन करा.